डाळ सोडली, तरी फॉस्फरस का वाढतो?

प्रश्न : माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत, वजन साधारण ६० किलो. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. या महिन्यात त्यांचा फॉस्फरस ७.४ आला. रात्रभर अंग खाजवत बसतात. डाळ, दूध, शेंगदाणे मी पूर्ण बंद केलेत. भात-भाजी खातात, मधल्या वेळी मुलांबरोबर नूडल्स, चीजचा स्लाइस किंवा अर्धा ग्लास कोला. सेव्हेलामरच्या गोळ्या रात्री झोपताना न चुकता देते. मग चुकतं कुठे?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, डायलिसिस विभागात आहार सांगण्याचं काम करताना हा प्रश्न मला सतत भेटतो. गोळ्यांच्या वेळेपासून सुरुवात करते. सेव्हेलामर रक्तातला फॉस्फेट (फॉस्फरस अन्नात आणि रक्तात ज्या रूपात असतो ते) काढत नाही. अन्नातला फॉस्फेट आतड्यातच पकडून शौचावाटे बाहेर नेणं, एवढंच तिचं काम. झोपताना पोटात अन्न नसेल तर ती पकडणार काय? डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा जेवणांत कशी वाटायची ते त्यांनाच विचारा, पण गोळी घासाबरोबरच पोटात जायला हवी.

आता मूळ कारण. आपल्या शरीरातला सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो. रक्तात अगदी थोडा, तोही शरीर दर डेसिलिटरमागे (१०० मिलिलिटरमागे) २.५ ते ४.५ मिलिग्रॅमच्या दरम्यान सांभाळतं. निरोगी किडनी गाळलेल्या फॉस्फेटपैकी ८० ते ९० टक्के परत रक्तात घेते आणि बाकीचा लघवीतून सोडते. जेवणातून जास्त आला की हाडांतल्या पेशी एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन सोडतात, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीही कामाला लागतात, आणि किडनी परत घेण्याचं प्रमाण कमी करते. एफजीएफ-२३ मुळे सक्रिय ड जीवनसत्त्वही कमी होतं, त्यामुळे आतडं फॉस्फेट कमी शोषतं. किडनी बिघडू लागल्यावरही ही हार्मोन्स वाढत वाढत रिपोर्ट बरीच वर्षं नॉर्मल ठेवतात. सासऱ्यांच्या बाबतीत आता लघवीची ती वाटच जवळपास बंद झाली आहे.

हिशोब करून पाहा. रोजच्या आहारात १००० मिलिग्रॅम फॉस्फरस धरला आणि त्यातला ६० टक्के शोषला गेला, तर आठवड्याला रक्तात ४२०० मिलिग्रॅम येतो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० निघतो, म्हणजे दोनदा मिळून १६००. उरलेला गोळ्यांनी आणि खाण्यातूनच अडवावा लागतो. नाहीतर हाडं ठिसूळ होतात आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. खाजेमागेही हे एक कारण असू शकतं.

पण अडवायचं काय, हे नीट बघा. डाळीतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो. ते फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतंच, म्हणून त्यातला निम्म्याहून कमी शोषला जातो. कारखान्यात पदार्थात मिसळलेले फॉस्फेटचे क्षार मात्र ९० टक्क्यांपर्यंत रक्तात जातात. म्हणजे तुम्ही डाळ काढून घेतलीत आणि तिच्या जागी चीज, नूडल्स, कोला आले. पाकिटामागच्या घटकांच्या यादीत या क्षारांचे क्रमांक वाचायची सवय लावा: ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२. कोलात ३३८ असतो, चीज स्लाइसमध्ये बहुधा ३३९ किंवा ४५२. यातला एकही दिसला तर ते पाकीट सासऱ्यांसाठी नाही.

प्रथिनं तोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. डायलिसिसवरच्या माणसाला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे सासऱ्यांना रोज ६० ते ७२ ग्रॅम. भात-भाजीवर ती भरत नाहीत, स्नायू झडत जातात. अंडं चालत असेल तर उकडून पांढरा भाग द्या. त्यात प्रथिनं चांगली आणि फॉस्फरस नगण्य. पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून वाटीभर वरण पुन्हा सुरू करता येईल का, तेही विचारा. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या, म्हणजे पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही थोडे उतरतात.

लग्नाकार्याला गेलात तरी गोळ्या त्यांच्या खिशात असू द्या, आणि पान वाढलं की आठवण करा. महिन्याभराने रक्त तपासा. आकडा तरीही खाली आला नाही, तर पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी करायची का, हे तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारा.