मेंटॉर निवडताना साहेबांचं नाव घालू का?

प्रश्न : चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सहा वर्षं क्वालिटीत आहे. शिक्षण डिप्लोमा. कंपनीने यंदा मेंटॉरिंग (अनुभवी व्यक्तीने कनिष्ठाला मार्गदर्शन करणं) सुरू केलंय. एचआरच्या फॉर्मवर ‘ध्येय’ आणि ‘मेंटॉरची पसंती’ असे दोन रकाने आहेत. आमच्याच विभागप्रमुखांचं नाव घालू का? ते मला चांगलं ओळखतात. (एक वाचक, राजगुरुनगर)

उत्तर : नका घालू. ज्यांच्या हातात तुमचं अप्रेझल, त्यांच्यापुढे ‘मला हे येत नाही’ असं म्हणायला जीभ रेटत नाही, आणि मेंटॉरिंगची सुरुवात तर तिथूनच होते. दुसऱ्या विभागातली, तुमच्यापेक्षा साधारण दोन पायऱ्या वरची व्यक्ती बघा. थेट प्लँट हेडही नको. त्यांना वेळ नसतो आणि तुमच्या पायरीवरच्या अडचणी विसरून त्यांना बरीच वर्षं झालेली असतात.

‘ध्येय’ या रकान्यात ‘नेतृत्वगुण वाढवणे’ असं लिहिलंत, तर एचआर जो मोकळा असेल त्याच्याशी तुमची गाठ घालून देईल. त्याऐवजी असं लिहा : ‘ग्राहकांच्या तक्रारींचे एट-डी रिपोर्ट मी करतो. वर्षभरात सप्लायर क्वालिटीत जायचं आहे. पुरवठादाराचं ऑडिट आणि पीपीएपीची कागदपत्रं तपासणं शिकायचं आहे.’ (इतर वाचकांसाठी : एट-डी म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा रिपोर्ट; पीपीएपी म्हणजे पार्ट मंजूर होण्यासाठी पुरवठादाराने द्यायची कागदपत्रं.) मेंटॉर कोण हवा, हे मग फॉर्मच सांगतो.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी ठरवून घ्या : किती दिवसांनी भेटायचं (तीन-चार आठवड्यांनी पुरे, पण महिनाअखेरचे डिस्पॅचचे दिवस टाळा), बोललेलं कुणापर्यंत जाणार नाही, आणि थांबायचं कधी. शेवटचा मुद्दा विचित्र वाटेल, पण मेंटॉरिंगच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये या नात्याच्या ज्या चार अवस्था मांडल्या, त्यांत वेगळं होणं ही एक अवस्थाच आहे.

त्यानंतर प्रत्येक भेटीच्या दोन दिवस आधी तीन ओळी पाठवा : मागचं काय केलं, कुठे अडलं, या वेळचा प्रश्न कोणता. शक्यतो हातात काम घेऊन जा. समजा, पार्ट उलटा बसल्याची तक्रार आली आणि तुमच्या एट-डीत मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि उपाय म्हणून ‘समज दिली’ असं लिहिलंय. चांगला मेंटॉर तिथेच बोट ठेवेल : ‘फिक्श्चरमध्ये (पार्ट जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनात) पार्ट उलटा बसतोच कसा?’ ‘सर, करिअरबद्दल मार्गदर्शन करा’ म्हणून तासभर बसलात तरी हा प्रश्न पदरात पडणार नाही.

बढतीसाठी शब्द टाका, असं मात्र मेंटॉरला सांगू नका. तुमचं काम बघून ते आपणहून बोलले तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : माझ्या मेंटॉरनी तीनदा भेट रद्द केली. पुन्हा विचारायला संकोच वाटतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ‘तुम्हाला वेळ असेल तेव्हा सांगा’ असं विचारत असाल तर ती वेळ कधीच येणार नाही. दोन वेळा तुम्हीच सुचवा, वीस मिनिटंच मागा, फोनवरही चालेल म्हणा. तरीही तीन महिन्यांत दोन भेटी झाल्या नाहीत, तर कार्यक्रम बघणाऱ्या व्यक्तीला ‘वेळा जुळत नाहीत’ एवढंच सांगून जोडी बदलून घ्या.

प्रश्न : मेंटॉर रात्री उशिरा खासगी मेसेज करतात. नको म्हटलं तर कार्यक्रमातून नाव जाईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नावाची काळजी बाजूला ठेवा. कामाव्यतिरिक्तचे मेसेज नकोत, हे एकदा लेखी कळवा आणि जोडी बदलून मागा. मजकूर लैंगिक स्वरूपाचा असेल तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे ही समिती असावीच लागते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, प्रकार सुरूच असेल तर शेवटच्या घटनेपासून. मेसेज कितीही नकोसे वाटले तरी पुसू नका.