पंप उतरवण्याआधी टाकीचं झाकण उघडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अलिबागकडून घेतलेली जुनी बोट, चार सिलिंडरचं टर्बो नसलेलं डिझेल इंजिन, जूनपासून नाशिकच्या गंगापूर धरणाच्या काठावर ओढून ठेवलेली. पाऊस संपल्यावर टाकी काठोकाठ भरून पाण्यात सोडली. सेल्फ मारताच सुरू होते, वीसेक मिनिटं छान चालते, मग रेस आपोआप उतरत जाते आणि बंद पडते. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. फिल्टर बदलून झाला. शिवाय पूर्ण रेसला काळा धूर, आणि तापमानाचा काटा असायला हवा त्याहून वर. मेकॅनिक म्हणतो डिझेल दाबानं पाठवणारा पंप आणि सिलिंडरमध्ये फवारा मारणारी नोझल उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे बेंचवर तपासून जुळवायला टाका, आणि तुम्ही विचारताय, टाकू का.

नका टाकू. निदान या आठवड्यात तरी नको.

हा सल्ला आपल्याकडे इतक्या लवकर मिळतो याला कारण आहे. सातपूरला मायकोचा कारखाना आला, आज त्याला बॉश म्हणतात, आणि डिझेलच्या नोझलवर नाशकातली कितीतरी घरं उभी राहिली. मायको सर्कल हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. मी स्वतः सातपूरच्या एका लहान कारखान्यात नोझल लॅपिंगवर, म्हणजे नोझल बारीक घासून जुळवायच्या कामावर, सात वर्षं काढली आणि मग रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिनं सांभाळायला गेलो. त्यामुळे हे ठामपणे सांगतो: नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. दोन्ही भाग जोडीनं घासून बसवलेले असतात, एकाची सुई दुसऱ्याला चालत नाही. असा भाग विनाकारण उघडणं म्हणजे त्यात धूळ जायला वाट करून देणं.

झिजलेला पंपही गरम झाल्यावर त्रास देतो, पण त्याची तऱ्हा वेगळी. गरम इंजिन बंद केलं की सुरू करताना सेल्फ मारत बसावं लागतं, थंड झाल्यावर जरा बरं होतं. तुमचं इंजिन पंधरा मिनिटांनी, म्हणजे अजून चांगलंच गरम असताना, सहज सुरू होतंय. त्याला डिझेल पोचत नाहीये, एवढंच ते सांगतंय.

मिरकरवाड्यातली एक गोष्ट मला कायमची लागून राहिली आहे. सहा सिलिंडरचा ट्रॉलर, लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी. मी पंप उतरवला, बेंचवर लावला, आकडे ठीक आले, परत बसवला. बोट बंदराबाहेर गेली आणि तासाभरात ओढून आणावी लागली. पुन्हा पंप उतरवला. ऐन हंगामातले चार दिवस त्या माणसांचे माझ्यामुळे बुडाले. पाचव्या दिवशी तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, मला बाजूला घेतलं, टाकीचं झाकण फिरवलं, आत हवा शिरल्याचा सुस्कारा आला आणि मशीन पुढे दिवसभर चाललं. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून एका खलाशानं टाकीच्या हवेच्या नळीत चिंधी कोंबली होती. ती काढायची राहून गेली.

तुमच्या बोटीचा मला पहिला संशय तिथेच आहे. टाकीतून डिझेल जितकं जळतं तितकीच हवा आत यावी लागते. नळी बंद असेल तर टाकीत पोकळी वाढत जाते आणि फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, ते ओढवेनासं होतं. बंद पडल्यावर झाकणाच्या जुन्या गॅस्केटमधून हळूहळू हवा झिरपते, म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू. यात एक खूण फार उपयोगी आहे: टाकी जितकी जास्त भरलेली, तितकं इंजिन लवकर बंद पडतं, कारण वर हवेला जागाच थोडी असते. दोन लिटर डिझेल गेलं तरी पोकळी लगेच तयार होते. तुम्ही टाकी काठोकाठ भरली होती असं लिहिलंय, म्हणून हे जास्तच जुळतं. आणि पावसाळ्यात काठावर उभ्या राहिलेल्या बोटीत अशी नळी बंद व्हायला चिंधीही लागत नाही. कुंभारीण माशी अशाच नळीत मातीचं घर बांधते. बाहेरून नळी मोकळी दिसते, आत दोन इंचांवर पक्की माती असते. नळी टाकीपासून सोडवा, दुसऱ्या टोकाकडून तार घाला, मग फुंकून बघा. टाकीला जोडलेली असताना तार घातलीत तर माती आत पडेल आणि नवं दुखणं होईल.

उद्याची चाचणी साधी आहे. टाकीचं झाकण सैल ठेवा, वर स्वच्छ कापड बांधा म्हणजे पाणी उडणार नाही, आणि वारा नसताना काठाजवळच तासभर चालवा. प्रवासी घेऊ नका. नांगर आणि त्याचा दोर मोकळा, हाताशी ठेवा. दुपारी धरणावर वारा सुटतो आणि बंद पडलेली बोट कुठे लागेल ते आपल्या हातात राहत नाही. तासभर नीट चालली तर रोग सापडला.

झाकण उघडं असूनही बंद पडली तर टाकीच्या तळाकडे वळा. चार महिने उभ्या टाकीत, विशेषतः ती अर्धी रिकामी असेल तर, दिवसा-रात्रीच्या तापमानातल्या फरकानं भिंतींना पाणी सुटतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि पाणी-डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात. त्यांचा काळा-तपकिरी बुळबुळीत थर ओढनळीच्या जाळीवर चिकटतो. इंजिन ओढत असतं तोवर थर जाळीला घट्ट बसतो, बंद झालं की सुटून खाली पडतो. म्हणजे लक्षण तेच, चाल तीच, फक्त झाकण उघडल्यानं फरक पडत नाही. टाकीच्या तळाच्या बोल्टातून लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी खाली पाण्याची रेघ आणि वर काळे तुकडे दिसले तर टाकी उतरवून, धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवा. नुसतं औषध टाकलंत तर मेलेला थर सुटून एकदम फिल्टरमध्ये येईल. पुढच्या वर्षी मे अखेरीस टाकी भरून ठेवा, आत हवा कमी म्हणजे पाणीही कमी. पाणी वेगळं करणाऱ्या वाटीचा नट दर आठवड्याला उघडून तळ काढायची सवय लावा.

तिसरी शक्यता हवा धरण्याची. फिल्टर तुम्ही स्वतः बदललात, म्हणून विचारतो: जुनी रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना? दोन रिंगा एकावर एक बसल्या की तिथून हवा आत जाते. टाकी ते फीड पंप या टप्प्यात ओढ असते, त्यामुळे फट असली तरी डिझेल बाहेर गळत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. फिल्टरच्या पुढे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. बुडबुडे दिसले तर एकेक जोड बघत मागे जा. बॅन्जो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर दरवेळी नवे घाला, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे.

हवा काढताना एक चूक बोटीवर फार महाग पडते आणि ट्रकवर काम केलेल्या मेकॅनिकला ती माहीतही नसते. क्रम नेहमीचाच: फीड पंपाचा हातखटका मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की बंद, आणि शेवटी नोझलकडचे नट सैल करून सेल्फ. (नटाजवळ हात नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं, जखम सुईएवढी दिसते आणि हाताचं बोट कापायची वेळ येते. असं झालं तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय.) पण तुमच्या इंजिनाचं थंड करणारं पाणी सायलेन्सरमध्ये सोडलेलं असतं. इंजिन चालू असताना धूर ते पाणी बाहेर फेकतो. नुसता सेल्फ मारत राहिलात तर पाण्याचा पंप फिरतो, धूर मात्र नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हवा काढताना बाहेरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि इंजिन पेटताक्षणी उघडा. उघडायला विसरलात तर पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर (आतलं पात्यांचं चाक) मिनिटाभरात जळतं. या कामाला दोन माणसं हवीत, एक सेल्फवर, एक व्हॉल्व्हवर.

आता तापमान. ही बोट अनेक वर्षं खाऱ्या पाण्यात चालली आहे. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे बाहेरच्या पाण्यानं इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षाराचा थर नक्की असेल. इम्पेलर आधी काढून बघा. पाती तुटलेली असतील तर तुटलेले तुकडे सापडेपर्यंत शोधा, ते बहुतेक वेळा एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात. नुसतं नवं इम्पेलर घातलं तर काटा वरच राहणार. थर काढायला लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी नळ्यांत काही तास भरून ठेवा, नंतर भरपूर साध्या पाण्यानं धुवा. नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात, त्यांना हे चालतं. घर ॲल्युमिनियमचं असेल तर गाभा बाहेर काढूनच करा. आणि मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की काठाजवळ बोट गाळ ओढते, तेव्हा पाण्याची जाळी रोज बघायची.

तिथेच झिंकचे तुकडे दिसतील, एक्स्चेंजरमध्ये पेन्सिलीसारखे आणि शाफ्टजवळ गोळ्यासारखे. समुद्रात ते स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवतात. गोड्या पाण्यात झिंकवर पांढरट थर धरतो आणि त्याचं काम थांबतं. शाफ्टजवळचे बदलून मॅग्नेशियमचे लावा. मॅग्नेशियमचे तुकडे खाऱ्या पाण्यात न्यायचे नाहीत, तिथे ते झपाट्यानं संपतात.

काळ्या धुराला मी फार घाबरणार नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी, आणि नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. इथली हवा अलिबागपेक्षा सहा-सात टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाला ती तेवढीच कमी मिळते, ताकद त्याच हिशेबानं घटते, बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा मात्र समुद्रावरच्या ताकदीसाठी बसवलेला. इंजिनाच्या पाटीवर लिहिलेले आरपीएम पूर्ण रेसला मिळतात का ते बघा. मिळत नसतील तर आधी एअर फिल्टर, मग बोटीचा तळ. गोड्या पाण्यात समुद्री शिंपले मरतात, पण त्यांची कवचं तळाला आणि पंख्याला तशीच चिकटून राहतात. ती खरवडूनही फरक पडला नाही तर पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, थोडा कमी करून घ्यावा लागेल. तोवर पूर्ण रेस टाळा. धूर निळा असता तर ऑईल जळतंय म्हटलं असतं. गरम इंजिनाला सतत पांढरा असता तर पाणी किंवा न जळलेलं डिझेल म्हणून मीच तुम्हाला थांबवलं असतं.

ऑईल चार महिन्यांपूर्वीचंच आहे का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर आधी बदला. जळलेल्या ऑईलमध्ये आम्ल तयार झालेलं असतं आणि उभ्या इंजिनात ते बेअरिंगवर बसून राहतं. म्हणून बोट काठावर घेताना ऑईल बदलायचं, पाण्यात सोडताना नव्हे. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखा रंग दिसला तर इंजिन अजिबात फिरवू नका आणि मला कळवा.

आणि एक विनंती, ती कळकळीनं करतो. तळात साठलेलं पाणी ऑईल-डिझेलसकट पंपानं धरणात फेकू नका. समुद्रावर हे मी लोकांना करताना पाहिलं आहे, तिथेही ते चूकच. पण गंगापूर धरणाचं पाणी तुमच्या-माझ्या घरच्या नळाला येतं. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे बसवा, ऑईल शोषणारं कापड तळात ठेवा, पिळून निघालेलं डब्यात भरून काठावर आणा आणि जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या.

झाकण, बरणी, पारदर्शक नळी, या तिन्ही चाचण्या करूनही बंद पडत राहिली तर मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर असेल आणि पंप उतरवावाच लागेल. तेव्हा आधी बाहेरून सगळं डिझेलनं धुऊन कोरडं करा, टायमिंगची खूण पंपाच्या फ्लॅन्जवर स्पष्ट ओढा, पाइप कोणत्या सिलिंडरचा ते चिकटपट्टीवर लिहा. पाइप सुटला की लगेच त्याच्या तोंडाला आणि पंपाच्या तोंडाला प्लास्टिकची टोपी, चिंधी नाही, कारण तिचा धागा आत राहतो. मग स्वच्छ पिशवीत बांधून, पंप उभा धरून सातपूरला न्या.