लस-संशोधनातली कंत्राटी नोकरी लेकीनं घ्यावी का?

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलगी यंदा एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाली. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लस-संशोधन विभागात तिला ‘क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर’ म्हणून बोलावलंय. अकरा महिन्यांचं कंत्राट आहे. तिचे मामा म्हणतात, लोकांच्या लेकरांवर प्रयोग करायची नोकरी आपल्याला नको, त्यापेक्षा बी.एड. कर. एक इन्स्टिट्यूट म्हणतंय, आमचा डिप्लोमा केल्याशिवाय या क्षेत्रात कुणी उभं करत नाही. फी लाखाच्या वर. काय करावं?
– एक आई

उत्तर :

सप्रेम नमस्कार ताई,

मामांचं म्हणणं आधी घेते, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. संसदेच्या स्थायी समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे बोंब झाली ती मुख्यतः सहीवरून. आणि सही कुणाची, कधी, काय समजावून सांगून घेतली, हे सांभाळणं हेच तुमच्या लेकीचं काम असणार आहे.

त्यानंतर नियम बरेच आवळले गेले. २०१९ च्या नव्या नियमांप्रमाणे नव्या लसीची चाचणी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नोंदणीकृत नैतिकता समितीची (सहभागींचं हित आणि हक्क जपले जातात का हे बघणाऱ्या समितीची) मान्यता असल्याशिवाय सुरू करता येत नाही. पहिला माणूस सहभागी होण्याआधी तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सार्वजनिक यादीत व्हावी लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि वर भरपाई. सहभागीला हॉस्पिटलात भरती करावं लागलं किंवा त्याहून वाईट काही घडलं, तर २४ तासांत वरपर्यंत कळवावं लागतं, मग तो रविवार असो की लक्ष्मीपूजन. मामांना एवढं सांगा. तरी त्यांना नको वाटलं तर तो त्यांचा विचार. निर्णय मात्र लेकीचा.

आता दुसरा गैरसमज, आणि हा बहुधा लेकीचाच असेल. मायक्रोबायोलॉजीच्या मुलींना वाटतं लस-संशोधन म्हणजे पांढरा कोट, पेट्री डिश, मायक्रोस्कोप. हॉस्पिटलच्या टीममध्ये त्यातलं फार थोडं असतं. लस बनते कंपनीत. इथं ती माणसांना सुरक्षित आहे का आणि उपयोगी पडते का, एवढंच बघतात. रक्ताचा नमुना आला की लॅब टेक्निशियन सीरम वेगळं करून डीप फ्रीजरला ठेवतो, आणि पुढची तपासणी बऱ्याचदा दुसऱ्याच प्रयोगशाळेत होते. कोऑर्डिनेटरच्या वाट्याला येतात माणसं, फोन आणि फायली.

हे काम हलकं नाही, ते एका उदाहरणावरून कळेल. तुमच्या गावात लसीकरणाच्या दिवशी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळांना रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात. भारतात विकसित झालेल्या रोटाव्हॅक या लसीची मोठी चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी झाली, पुण्यात केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरमार्फत. एकूण ६,७९९ बाळं. ४,५३२ जणांना लस, २,२६७ जणांना तशीच दिसणारी पण लस नसलेली मात्रा. कुणाला काय मिळालं हे ना आईला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले : रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून ५३.६ टक्के संरक्षण.

पण ‘गंभीर’ हे ठरवायचं कशावरून? त्यासाठी वीस गुणांचा एक तक्ता वापरतात. जुलाब किती दिवस चालले, एका दिवसात जास्तीत जास्त किती वेळा झाले, उलट्या किती, ताप किती, अंगातलं पाणी किती कमी झालं, सलाइन लावावं लागलं का. अकरा किंवा त्याहून जास्त गुण पडले तर गंभीर. म्हणजे कुणीतरी घराघरात जाऊन ‘काल बाळाला किती वेळा शी झाली?’ हे विचारलं आणि ऐकलं तेच लिहिलं, तेव्हा कुठे ते ५३.६ उभं राहिलं. गंमत बघा, अंगणवाडीच्या रजिस्टरमुळे हे काम तुम्हाला तुमच्या एम.एस्सी. लेकीपेक्षा लवकर कळेल!

तिचा दिवस साधारण असा जाईल. सकाळी फ्रिजचं तापमान दोन ते आठ अंशांत राहिलं का ते बघायचं. रात्री वीज गेली असेल आणि आकडा वर चढला असेल तर ती लस बाजूला ठेवून आधी कळवायचं. मग एखादी आई बाळाला घेऊन येते. माहितीपत्रक पानोपान वाचून दाखवायचं, प्रश्न विचारू द्यायचे. वाचता येत नसेल तर टीमबाहेरचा साक्षीदार बसवून अंगठा घ्यायचा. टोचल्यावर निदान अर्धा तास थांबवून ठेवायचं. घरी जाताना रोजचा त्रास लिहायचं डायरी कार्ड, थर्मामीटर आणि सूज मोजायची पट्टी द्यायची. दुसऱ्या दिवशी फोन.

“ताप होता का ताई?”

“होता जरासा.”

“मोजला होता?”

“न्हाई, हात लावून बघितला.”

अशा वेळी ‘९९’ लिहून टाकायचा मोह होतो. लिहायचं मात्र ‘मोजला नाही’. कागदावर चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद, सही आणि तारीख. व्हाइटनरची बाटली या विभागाच्या टेबलावर दिसली तर तपासायला येणारे मॉनिटर तिथेच भुवया उंचावतात. हे मॉनिटर दर काही आठवड्यांनी येऊन मूळ कागद आणि कॉम्प्युटरमधली नोंद ताडून बघतात. फरक सापडला की क्वेरी, म्हणजे लेखी खुलासा मागणारा प्रश्न. क्वेरींना वैतागणाऱ्या मुली या कामात टिकत नाहीत, हे मी अनेकींच्या बाबतीत बघितलंय.

सगळ्यात अवघड भाग सहभागी मिळवण्याचा. अमुक तारखेपर्यंत इतके, असं टार्गेट असतं. आई तयार असते, सासूबाई नको म्हणतात. कायद्यानं आईची सही पुरते. पण चांगली कोऑर्डिनेटर म्हणते, “घरी जा, बोला, उद्या नाहीतर परवा या, नाही आलात तरी बाळाचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत.” त्या दिवशी आकडा एकानं कमी भरतो. वरिष्ठ यावर काय म्हणतात, त्यावरून विभाग कसा आहे ते कळतं. ‘सही घेऊन टाक गं’ म्हणणारे असतील तर लेकीनं तिथे थांबू नये, पगार कितीही असो.

डिप्लोमाचं म्हणाल तर आत्ता एक रुपयाही भरू नका. नोकरीचं बोलावणं आलेल्या मुलीला ‘डिप्लोमाशिवाय नोकरी नाही’ सांगणाऱ्यांबद्दल मी वेगळं काय बोलू? या कामाला लागणारं ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चं, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या कशा करायच्या त्या नियमांचं, प्रशिक्षण बहुतेक हॉस्पिटलं रुजू झाल्यावर स्वतःच देतात. तोवर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य-संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स तिनं करावा. शिकायला फी नाही, परीक्षा द्यायची तर थोडी आहे.

कंत्राटाबद्दल खोटी आशा देत नाही. या क्षेत्रात नोकरी प्रकल्पाला बांधलेली असते. प्रकल्प संपला, निधी थांबला की पुढचा प्रकल्प मिळेपर्यंत जीव टांगणीला. पण दोन-तीन वर्षं नीट काम केलेल्या कोऑर्डिनेटरला पुण्या-मुंबईत बरीच दारं उघडतात : संशोधन कंपनीत मॉनिटर (प्रवास भरपूर), औषध-सुरक्षा विभाग, डेटा मॅनेजमेंट, नैतिकता समितीचं कार्यालय, किंवा सार्वजनिक आरोग्यातली एम.पी.एच. ही पदव्युत्तर पदवी. बी.एड. कुठे पळून जात नाही. शिकवायची आवड असेल तर दोन वर्षांनीही करता येईल. आवड नसताना निव्वळ ‘सेफ’ म्हणून करू नये.

माझं मत, तिनं जावं. मात्र ज्या मुलीला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, तिच्यासाठी हे काम नाही. तिनं कंपनीतल्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये अर्ज करावा. तुमची लेक कशी आहे ते तुम्हीच जाणता.

जाण्याआधी त्या रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर हॉस्पिटलचं नाव टाकून तिथे कोणत्या चाचण्या चालू आहेत आणि प्रमुख संशोधक कोण आहेत, ते तिनं बघून घ्यावं. मुलाखतीत बेधडक विचारावं : माझा पगार कोणत्या प्रकल्पातून, तो कधी संपतो, पीएफ आहे का, एका कोऑर्डिनेटरकडे एका वेळी किती चाचण्या असतात, घरभेटींना गाडी हॉस्पिटलची की आपली, रात्री सहभागीचा फोन आला तर तो घेणारे डॉक्टर कोण. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टरचं नाव आणि नंबर मिळाला तर बरं. ‘तूच बघायचं’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचार करा. आणि नेमणूकपत्र लेखी हातात पडल्याशिवाय पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट भरू नका.