नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या कापूस व्यापाऱ्यास

ख्रिस्ती म्हणून प्रामाणिकपणाची सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ती तुमच्या काट्यापासूनच करावी. खानदेशात कापसाच्या हंगामात काटा मारणे किंवा ओलाव्याच्या नावाखाली वजन कापणे याला काही जण धंद्याची रीत म्हणतात, परंतु बायबलमधील लेवीय १९:३५-३६ मध्ये मापात लबाडी करू नये, तराजू व वजने खरी असावीत, अशी स्पष्ट आज्ञा आहे आणि तिला हंगामाची सवलत नाही. ओलावा खरोखर असेल तर तो शेतकऱ्यासमोर मोजा, कपात पावतीवर लिहा आणि ती पावती त्याच्या हाती द्या.

मागच्या व्यवहारांचा प्रश्न याहून कठीण आहे. लूकच्या शुभवर्तमानातील १९व्या अध्यायात जक्कय या श्रीमंत जकातदाराने नुसता पश्चात्ताप बोलून दाखवला नाही, तर अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. तुमच्या वहीत ज्यांची नावे सापडतील, त्यांच्या घरी स्वतः जा. मंडळीच्या (चर्चच्या) दानपेटीत मोठी रक्कम टाकून तो हिशेब मिटवू नका, कारण ते पैसे त्या शेतकऱ्याचे आहेत. भाव पटवण्यासाठी शपथा घेण्याची सवयही सोडा. मत्तय ५:३७ प्रमाणे तुमचे ‘होय’ पुरेसे असावे. पहिल्या हंगामात उत्पन्न कदाचित घटेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.