सायकलच्या टायटॅनियम फ्रेममध्ये अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते तो दांडा) गरम करून निघेल का?

नाही, गरम करू नका. उलट थंड करा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियमच्या सुमारे अडीचपट प्रसरण पावतं, म्हणजे टॉर्च लावली की पोस्ट आणखी घट्ट. १९९०च्या दशकातल्या मर्लिन, लाइटस्पीडसारख्या कंपन्यांच्या फ्रेममध्ये घाम आणि पावसाचं पाणी आत शिरून दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी नळीत गच्च बसते. सीट क्लॅम्प (पोस्ट आवळणारी कडी) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस) काढा, फ्रेम उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या बाजूने पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत मुरणारं पातळ तेल) सोडा आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. मग त्याच वाटेने पोस्टच्या पोकळीत कोरड्या बर्फाचे (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) तुकडे टाका (जाड हातमोजे घालून, मोकळ्या हवेत), पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) आवळा आणि फ्रेम दोन्ही टोकांना धरून सावकाश पिळा. हिसका अजिबात नको: सीट ट्यूबची, म्हणजे पोस्ट ज्यात बसतो त्या नळीची, भिंत पातळ असते, आणि वेल्डपाशी तडा गेला तर आर्गॉन वायूमध्ये टायटॅनियम जोडणारा कारागीर शोधत बसावं लागतं. तरीही हललाच नाही तर पोस्ट वरून कापून आतून हॅकसॉच्या पात्याने उभी चीर पाडा. पातं फ्रेमच्या नळीला लागू देऊ नका, टायटॅनियमचा तडा अशा ओरखड्यातून वाढू शकतो. पोस्ट कार्बनचा असेल तर मात्र बर्फाचा उपयोग नाही, कारण कार्बन थंडीने जवळजवळ आकसतच नाही. नवा अ‍ॅल्युमिनियम पोस्ट बसवताना तांबेयुक्त अँटी-सीझ (धातू एकमेकांना चिकटू न देणारं वंगण) लावा आणि दर तीन महिन्यांनी काढून पुसा.