दाढेची सूज उतरली, मग उपचार कशाला?

प्रश्न : गेल्या महिन्यात खालची दाढ रात्रभर ठणकली, सकाळी गाल सुजला. मेडिकलमधून अमॉक्सिसिलिन आणून घेतली, सूज उतरली. आता पुन्हा तिथंच दुखतंय. रोपलावण सुरू आहे, बेळगावला खेपा घालणं जमत नाही. उरलेल्या चार गोळ्यांवर हंगाम काढू का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नको दादा. दाढेतली नस मेली की आतला रक्तपुरवठा थांबतो. गोळीतलं औषध रक्तातून फिरतं, ते मुळाच्या नळीत पोचणार कसं? भोवतालच्या हाडा-हिरडीत पोचतं, म्हणून सूज उतरते. आतली घाण तिथंच राहते. शिवाय ज्या जंतूंना औषध मारू शकलं नाही, तेच मागं उरून वाढतात. उद्या न्यूमोनिया झाला आणि हीच गोळी चालली नाही तर? पाकिटावरची उभी लाल रेघ बघा. चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असं ती सांगते.

पू बाहेर काढणं हाच खरा उपचार. दाढेला वरून भोक पाडलं की कधी कधी मळकट पिवळा पू आपसूक वर येतो, खोलीभर वास सुटतो. रात्रभर गाल धरून बसलेली बाई थोड्याच वेळात म्हणते, ‘डॉक्टर, हलकं वाटतंय.’ तेव्हा तिला एकही अँटिबायोटिक दिलेलं नसतं. पहिल्या खेपेला नळ्या साफ करून, आत औषध ठेवून दाढ तात्पुरती बंद करता येते. उरलेलं रूट कॅनॉल लावण आटोपल्यावर. दाढ वाचण्यासारखी नसेल तर काढावी. तोवर दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. मिश्री दाबून धरू नका, कितीही बरं वाटलं तरी.

अँटिबायोटिक मी देतेच, पण ताप असेल, सूज पसरत असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती फार कमी असेल तेव्हा. आणि तेही पू काढण्याच्या जोडीला, थोडेच दिवस. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं; पेनिसिलिननं कधी अंगावर पुरळ आलं असेल तर ते आधी सांगा. उरलेल्या चार गोळ्या घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका.

सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट बघू नका. लावण सोडून त्याच रात्री बेळगावचं मोठं हॉस्पिटल गाठा.