पणजीत खोली घेताना

खोली पावसाआधी बघत असशील तर नुसत्या नव्या रंगावर जाऊ नको, भिंतीला हात लाव. पोपडे किंवा पांढरट क्षार दिसले की समज, जूनमध्ये ती भिंत पाझरणार. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. मागे हवा खेळली नाही तर बुरशी थेट कपड्यांवर येते. चामड्याचे बूट, पट्टे आधी पांढरे पडतात. मार्कशीट झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेव. जीन्स तर विसरच, दोन दोन दिवस वाळत नाही.

स्कूटर भाड्याने घेशील ती काळ्या नंबरपाटीवर पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते, पण भाड्याने देणं बेकायदा.

जून-जुलैत ट्रॉलरबंदी, म्हणजे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे मासळी महाग. तेव्हा ताटात काय असेल ते मेसवाल्याला आधीच विचार.